रंग बघून पाणी देणारी बाई

माझी मावशी दुकानातून आणलेली साखर घरी पुन्हा तोलते. दुकानदार तिच्या शाळेतला, तरी तोलते. तेलाच्या बाटलीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की पाकिटावरचं नाव चिठ्ठीशी अक्षर अक्षर लावून बघते आणि काकांपुढे धरते, "तुम्ही पण एकदा बघा."

काका म्हणतात, "बरोबर आहे."

"न बघताच म्हणालात."

मग काका चष्मा शोधायला उठतात. हे मी त्यांच्या घरी राहायला आल्यापासून रोज बघते आहे.

मावशी अठ्ठावीस वर्षं एकाच रोपवाटिकेत काम करते. शहराच्या कडेला, मोठ्या रस्त्याला लागून, प्लास्टिकच्या छताची पाच लांबलचक रोपघरं आहेत. त्यातलं दोन नंबरचं तिचं. मालकीचं नव्हे, पण तिथल्या पाण्याच्या नळीला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नाही. कामगार तिला तोंडावर बाई म्हणतात आणि पाठीमागे खात्रीबाई. तिला ते माहीत आहे. कोण कोण म्हणतं त्याचीही तिच्याकडे यादी असणार.

माती आणि पाणी तपासायचं माझं शिक्षण संपलं तेव्हा मालकीणबाईंना, म्हणजे मॅडमना, विचारून तिनेच मला तिथे कामाला लावलं. पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुझ्या यंत्रावर मी विश्वास ठेवणार नाही हं. वाईट वाटून घेऊ नकोस."

तिचं स्वतःचं यंत्र म्हणजे डोळे. आमच्या वाटिकेत रोपं पहिल्यापासून पीटमध्ये वाढायची. दलदलीत एक शेवाळ वाढतं, मरतं, पण तिथल्या आंबट, हवा नसलेल्या पाण्यात ते धड कुजत नाही. थरावर थर साचत जातो. तो थर कापून, वाळवून, चाळून कुंडीत भरला की मुळं खूश असतात. हेच पीट. दीड तासावर एक मोठी दलदल आहे, तिथून ते ट्रकने यायचं. ओलं असलं की काळपट चॉकलेटी, वाळलं की फिकट, लाकडाच्या भुशासारखं. मावशी नळी खांद्यावर टाकून दोन टेबलांच्या मधून चालायची आणि नुसती बघायची. गडद कुंड्या सोडायची, फिकट दिसल्या की नळीचं तोंड तिकडे वळवायची. बोट घालून बघणं तिला कमीपणाचं वाटायचं. "नवशिके बोट घालतात," ती म्हणायची. तिच्या हातची रोपं इतकी सारखी निघायची की ट्रेवर पट्टी ठेवली तर सगळ्यांच्या शेंड्यांना एकदम टेकेल.

गेल्या वर्षी शहराच्या बागखात्याचं पत्र आलं. ते आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मॅडमनी ते चहाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. पुढच्या हंगामापासून पीट वापरलेली रोपं घेणार नाही. दलदल कापली की तिथले पक्षी, चतुर, किडे खाऊन जगणारी वनस्पती, सगळं जातं. पाणी धरून ठेवणारी जमीन कोरडी पडते आणि तिच्यात साठलेला कार्बन हवेत सुटतो. आणि गेलेला थर परत यायला हजारो वर्षं लागतात, कारण तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो.

"एक मिलिमीटर?" मावशीने कप खाली ठेवला. "मोजलं कोणी? हजार वर्षं पट्टी धरून कोण उभं होतं तिथे?"

"मावशी, थरांचं वय काढता येतं," मी म्हटलं. "प्रयोगशाळेत."

"ती प्रयोगशाळा कोणाची?"

मी मॅडमच्या हातातल्या पत्रात शोधायला लागले. ती सगळ्यांकडे बघून म्हणाली, "बघा. कोणाची तेही माहीत नाही."

मॅडमनी मधला मार्ग काढला. दोन नंबरच्या घरात उजवीकडच्या टेबलांवर नेहमीचं पीट, डावीकडे बिनपीटाचं नवं मिश्रण. दोन्हीकडे पिटुनिया या फुलझाडाच्या दोन दोन हजार कुंड्या. डावीकडची रोपं विकण्यासारखी निघाली तर पुढच्या वर्षीपासून पाचही घरांतलं पीट बंद. नाही निघाली तर बागखात्याला नमस्कार आणि दलदलवाल्या कंपनीशी पूर्वीसारखा करार.

नवं मिश्रण बनवायचं काम फावडेरावांकडे होतं.

हे त्यांचं खरं नाव नाही. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, कमी बोलणारे. आमच्याकडे यायच्या आधी अठरा वर्षं ते त्याच दलदलीवर लांब पात्याच्या फावड्याने पीट कापायचे, म्हणून हे नाव पडलं. त्यांचा धाकटा भाऊ अजून तिथेच होता आणि आमच्याकडे येणारा पीटचा ट्रक तोच चालवायचा. फावडेराव मिश्रणाच्या शेडमध्ये कुजवलेली झाडाची साल, नारळाच्या काथ्याचा भुसा, लाकडाचे तंतू आणि पालापाचोळ्याचं खत मोजून मोजून एकत्र करायचे. मी तिथे नमुने घ्यायला जायचे. एकदा मी त्यांना विचारलं, दलदल का सोडली?

"कडेला एक तळं होतं," ते म्हणाले. "तळं कसलं, अंगणाएवढं. त्यावर चतुर यायचे, निळे. डबा खाताना आम्ही बघत बसायचो. मग एका वर्षी आम्हीच निचऱ्याचा चर खणला. पुढच्या वर्षी तळं नाही, चतुर नाही. मी मुकादमाला विचारलं, हे परत कधी येणार? तो म्हणाला, तुझं काम फावडं मारायचं, पंचांग बघायचं नाही." ते थोडं थांबले. "फावड्याचं पातं हाताएवढं. एकदा दाबलं की चारशे वर्षं सुटतात. हे मला तुमच्या त्या पत्रातनंच कळलं. तोपर्यंत मला वाटायचं माती आहे."

मी हे घरी जेवताना सांगितलं. मावशीचा घास हातातच राहिला.

"अठरा वर्षं कापत होता तेव्हा चतुर दिसले नाहीत? आणि भाऊ अजून तिथेच. ट्रक चालवतो. पीट बंद झालं तर त्या भावाने काय करायचं?"

"म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे काही नाही. मी फक्त विचारतेय."

मावशी 'फक्त विचारतेय' म्हणाली की काका भाजी वाढून घेतात.

पहिले दोन आठवडे डावी-उजवी सारखीच वाढली. तिसऱ्या आठवड्यात डावीकडची खालची पानं पिवळी पडायला लागली. मग काही रोपं जमिनीलगत मऊ होऊन आडवी झाली. कुंड्यांवर बारीक चिलटं घोंघावायला लागली. मावशीने एक मेलेलं रोप उपटून मुळाला नाक लावलं आणि ते माझ्या नाकाशी धरलं. सडका वास येत होता.

"काय आहे हे?"

"मूळकूज," मी म्हटलं.

"ते मलाही दिसतंय. कशाने?"

मी मिश्रणाचे नमुने तपासले. आंबटपणा ठीक होता, क्षार ठीक होते. ओलावा मोजायचं यंत्र कुंडीत बोटाच्या पेराएवढं खुपसलं तर काटा कोरड्याकडे गेला. तेवढंच लिहून मी मॅडमना दिलं. माझ्या मते मिश्रणात दोष नव्हता. पण मग रोपं का मरतायत, ते मला सांगता येत नव्हतं. मावशीने माझा कागद वाचला आणि घडी घालून परत दिला.

"तुला तो जो नमुना देतो तोच तू तपासतेस. कुंडीत काय घालतो ते कुठे बघितलंस?"

"मावशी, मी स्वतः कुंडीतून घेतलाय."

"कोणत्या कुंडीतून? चांगल्या का मेलेल्या?"

मी चांगल्या कुंडीतून घेतला होता. मला तिचा राग आला आणि माझाही आला.

त्यानंतर दोन नंबरच्या घरातली हवाच बदलली. फावडेराव मिश्रणाची गाडी ढकलत आले की मावशी नळी बंद करून उभी राहायची. ते गेले की गाडीच्या चाकांचा माग कुठवर गेलाय ते बघायची. डावीकडच्या रोपांची तहान तर भागेचना. सकाळी पाणी दिलं की जेवणाच्या वेळेपर्यंत कुंड्या पुन्हा फिकट. "पाणी धरत नाही मेलं," ती म्हणायची आणि पुन्हा नळी उचलायची. "ह्यात काहीतरी मिसळलंय. कुठेतरी पाणी मुरतंय." बाकीच्या बायकांनाही मग काही काही आठवायला लागलं. एकीला फावडेराव सुट्टीनंतर शेडमध्ये दिसले होते. दुसरीला त्यांचं कमी बोलणं आधीपासूनच आवडलं नव्हतं.

आणि एका सोमवारी मावशीने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. पीटचा ट्रक फाटकात उभा होता. फावडेरावांच्या भावाने खिडकीतून एक पोतं खाली दिलं. फावडेरावांनी ते इकडेतिकडे बघत काखेत मारलं आणि शेडमध्ये नेलं.

मावशी तशीच मॅडमच्या खोलीत गेली. मी तिथेच नोंदी भरत होते. मॅडमनी फावडेरावांना बोलावून घेतलं.

"पोत्यात काय होतं?" मावशीने विचारलं.

फावडेराव मॅडमकडे बघत होते. "माझं सामान होतं."

"सामान भावाच्या ट्रकमधून?"

"हो."

"कसलं?"

"बाई, मी तुमच्या पिशवीत बघतो का?"

"माझ्या पिशवीने कोणाची रोपं मरत नाहीत!"

मॅडम म्हणाल्या, "फावडेराव, सांगून टाका ना. विषय संपेल."

त्यांचे कान लाल झाले होते. "एका वर्षात मी एक मूठ माल इकडचा तिकडे केला नाही. आता पोतं उघडून दाखवायला लावताय. नाही सांगणार." आणि ते निघून गेले.

त्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला त्याच दिवशी दुपारी कळलं. पोत्यात त्यांचे जुने गुडघाबूट होते, दलदलीवरचे. भाऊ वापरत होता, ते परत मागून घेतले होते, कारण शेडची फरशी सतत ओली असते आणि त्यांच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. इकडेतिकडे बघत नेले, कारण बुटांना भोकं होती आणि लोक हसतील असं त्यांना वाटलं. मी मॅडमना हे सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "असतील बूट. पण पाचशे रोपं गेली आहेत आणि अठ्ठावीस वर्षांत बाईंच्या घरात असं झालेलं नाही. बदललंय काय? मिश्रण आणि माणूस." त्यांनी फावडेरावांना शनिवारपर्यंतची मुदत दिली. तोवर कारण सापडलं नाही तर त्यांनी दुसरं काम बघायचं आणि मॅडमनी पीटच्या करारावर सही करायची.

दुसरं काम कुठलं ते सगळ्यांना माहीत होतं. पन्नाशीच्या, पीट कापणाऱ्या माणसाला कोण ठेवणार? भाऊ मुकादमाशी बोलून ठेवतो म्हणाला होता. फावडेराव पुन्हा दलदलीवर जाणार होते, तेच फावडं हातात घ्यायला.

मी घरी येऊन मावशीला म्हटलं, "बूट होते ग."

"तुला दाखवले?"

"पायातच घातलेत त्यांनी."

ती ताटं मांडायला लागली. मग म्हणाली, "बूट आणले म्हणून बाकी काही आणलं नाही असं होतं का? मी पुरावा काढते. मग तर झालं?"

तिचा नवा संशय असा होता की संध्याकाळी आम्ही घरी गेल्यावर कोणीतरी डावीकडच्या कुंड्यांत काहीतरी ओततं. खारं पाणी, नाहीतर आणखी काही. ओतलं तर वजन वाढणार. मंगळवारी ती घरातला साखर तोलायचा काटा पिशवीत घालून घेऊन आली. वाटिकेत मोठा काटा आहे, पण त्याच्या शेजारी फावडेराव काम करतात. एका ट्रेमध्ये अठरा कुंड्या असतात. तिने डावीकडचे तीन ट्रे आणि उजवीकडचे तीन ट्रे निवडले, कडेला खालून खडूने खुणा केल्या, आणि सकाळी आल्याबरोबर, पाणी देण्याआधी, पाणी दिल्यावर आणि संध्याकाळी निघताना वजन करायला लागली. मला आकडे लिहायला बसवलं. "तू लिही, पण काटा मी वाचणार."

बुधवारी सकाळी तिने पहिला डावा ट्रे उचलला. वजन आदल्या संध्याकाळपेक्षा थोडं कमी भरलं. दुसरा, तिसरा, तसेच. कोणी काही ओतलं नव्हतं.

"त्याला कळलं असेल आपण तोलतोय," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळीही तसंच. ती वैतागली. मी लिहिलेली पानं तिने माझ्या हातातून ओढून घेतली आणि टेबलाच्या कडेला टेकून वाचायला लागली. तिच्या कपाळावर आठ्या आल्या.

"हे तू बरोबर लिहिलंस?"

"तूच वाचलेस आकडे."

तिने शेजारचा, उजवीकडचा पीटचा ट्रे बघितला. पाणी पिऊन झाला तेव्हा चार किलो होता. फिकट पडायला त्याला दोन दिवस लागले होते, आणि तेव्हा वजन उतरलं होतं पावणेतीन किलोवर. मग डावीकडचा. पाणी दिल्यावर चार किलो सहाशे. तीन तासांत वरून पार फिकट. आणि फिकट झाल्यावर वजन? चार किलो तीनशे.

"काटा बिघडलाय," ती म्हणाली.

पिशवीतून साखरेचा बंद पुडा निघाला. काट्यावर एक किलो. तिने पुडा काढला, परत ठेवला. एक किलो. मग माझ्याकडे बघितलं. मी काहीच केलं नव्हतं, तरी हात मागे घेतले.

"बाहेरून तहानलेलं आणि आतून भरलेलं?" ती हळूच म्हणाली. "असं कसं?"

मला तेव्हा लख्ख दिसलं आणि स्वतःची लाजही वाटली. पीट वरपासून खालपर्यंत एकसारखं वाळतं, म्हणून वरचा रंग बघितला की सगळी कुंडी कळते. सालीच्या जाड कणांमधून वरचा थर पटकन सुकतो, पण खालचं पाणी तसंच राहतं. माझ्या यंत्राची सुईही मी वरच्या पेराएवढीच खुपसली होती. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण मावशीने हात वर केला. तिने एक कुंडी उलटी करून तळहातावर झटकली. गोळा अलगद बाहेर आला. वरचा पाव भाग भुशासारखा कोरडा. खालचा काळा, गच्च, आणि दाबल्यावर बोटांमधून पाणी ठिबकलं. दुसरी कुंडी. तिसरी. ती एकामागून एक उलट्या करत गेली. नऊ, दहा. मी तिला थांबवलं नाही.

"दोनदा," ती शेवटी म्हणाली. "नऊ दिवस मी ह्यांना रोज दोनदा पाणी पाजलं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आधी पण एकदा जास्तच होतं."

त्या दिवशी दुपारी तिने डबा उघडला नाही. टेबलाशी बसून आकडे पुन्हा वाचत होती, बहुतेक अजून कुठे दुसरं कोणी सापडतंय का ते शोधत. सापडलं असतं तर तिला किती बरं वाटलं असतं! आकड्यांत दुसरं कोणी नव्हतं. त्या घराच्या नळीला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिलाच चालत नव्हता.

शुक्रवारी सकाळी ती तिची पानं, काटा आणि दोन कुंड्या घेऊन मॅडमच्या खोलीत गेली. मला म्हणाली, "चल. मी काही गाळलं तर सांग." मॅडमच्या टेबलावर तिने एक कुंडी उलटी केली. कागदांवर पाणी पसरलं.

"बाई, अहो!"

"दाबून बघा."

मॅडमनी दाबलं नाही. मावशीने आकडे सांगितले, कुठलाही फाटा न फोडता. रोपं पाण्याने मेली, पाणी मी दिलं, मिश्रण ठीक आहे, मिश्रणवाला ठीक आहे.

"पण तुम्हीच तर म्हणालात..."

"म्हणाले. चुकीचं म्हणाले."

"म्हणजे आता मी कोणाला जबाबदार धरू?"

"मला. त्याला नाही."

मॅडमनी ओले कागद एकेक करून खिडकीत वाळत ठेवले. त्यांनी काही मावशीला काढलं नाही. एव्हाना डावीकडची साधारण निम्मी रोपं गेली होती, त्यामुळे ही खेप काही विकण्यासारखी नव्हती. मॅडमनी बागखात्याला फोन करून आणखी सहा आठवडे मागितले, डावीकडे दुसरी पेरणी करायची ठरवली, आणि पीटच्या करारावर सही करायची थांबवली. "थांबवली आहे," त्या म्हणाल्या, "रद्द केलेली नाही. आणि पाणी आता रंगावर नाही. ट्रे उचलून, वजनावर." मावशीने मान हलवली.

फावडेराव शेडमध्ये साल चाळत होते. मावशी दारात उभी राहिली. आत गेली नाही.

"फावडेराव, तुम्ही जायचं नाहीये. मॅडमशी बोलले मी. माझ्यामुळे मेली रोपं. पाणी जास्त झालं."

चाळणी हलायची थांबली. "कोण म्हणालं?"

"मीच. काट्यावर बघितलं."

"आणि उद्या काटा दुसरं काही बोलला तर?"

"नाही बोलणार."

"तुम्ही असं म्हणताय?" ते पहिल्यांदाच हसले, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "बाई, चार दिवस घरात मी मान वर केली नाही. बायकोला वाटतं मी खरंच काहीतरी केलंय. अठरा वर्षांचं काम सोडून आलो तेव्हाच ती म्हणाली होती, असा चतुरांसाठी कोण काम सोडतं, काहीतरी भानगड असणार. आता तिला पक्कंच वाटतंय. मी जाऊन सांगितलं की सगळं मिटलं, तर म्हणेल, काय देऊन मिटवलंस?"

"मग मी येऊ का सांगायला?"

"या," ते म्हणाले आणि पुन्हा चाळायला लागले. "बघा जमतंय का."

संध्याकाळी सुटल्यावर आम्ही दोघी गेलो. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. दार साखळी लावूनच उघडलं. फटीतून फावडेरावांची बायको दिसली, हाताला पीठ लागलेलं.

"ते अजून आले नाहीत."

"मी तुमच्याकडेच आलेय," मावशी म्हणाली. "मी दोन नंबरच्या घरातली."

"म्हणजे तुम्हीच ज्यांनी..."

"हो."

साखळी तशीच राहिली. "काय काम आहे?"

मावशीने सांगितलं. रोपं कशी मेली, ट्रे कसे तोलले, पोत्यात बूटच होते, आणि तुमचा नवरा कामावर राहतोय. फटीतला डोळा एकदा माझ्यावर आणि एकदा मावशीच्या पिशवीवर फिरत होता.

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कोणी नाही."

"मॅडमनी?"

"नाही."

"मग त्यांनी सांगितलं असेल. म्हणाले असतील, बायकोची समजूत घाला."

"'या' म्हणाले. पण बोलतेय ते मी माझं बोलतेय."

"सोमवारी वेगळं बोलाल. तेव्हा पोतं, आता पाणी. पुढच्या महिन्यात परत रोपं मेली की परत ह्यांच्या मागे लागाल. मी कशावर विश्वास ठेवायचा?"

मी मावशीकडे बघितलं. कोणी तिच्याशी असं बोललं की ती कमरेवर हात ठेवते. आता तिचे हात खालीच होते.

"लिहून द्या," आतून आवाज आला.

फटीतून शाळेच्या वहीचं एक पान आणि पेन बाहेर आलं. मावशीने पान भिंतीला टेकवलं. पेन आडवं धरलं की शाई उतरत नाही, म्हणून तिला दोनदा झटकावं लागलं. तिने लिहिलं: रोपं माझ्या हातून मेली. पाणी जास्त झालं. यांचा दोष नाही, मी खोटा आळ घेतला. खाली सही आणि तारीख. पान आत गेलं. दोनदा वाचत असणार.

पान परत बाहेर आलं.

"जास्त म्हणजे किती, ते लिहिलं नाही."

मावशीने पान पुन्हा भिंतीला टेकवलं आणि 'जास्त'च्या वर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरांत भर घातली: दिवसातून दोनदा, नऊ दिवस. त्याआधी एकदा, तेही जास्तच. मग शेजारी पुन्हा सही केली, ही भर तिनेच घातली आहे हे कळावं म्हणून.

पान आत ओढलं गेलं आणि दार मिटलं. साखळी निघाल्याचा आवाज आला.